गृहरंजन संगणक

गृहरंजन संगणक : दूरचित्रवाणी संचाला जोडून चित्रपट, संगीत व मुद्रित कार्यक्रम दाखविण्यासाठी योजलेला लहान आकारमानाचा संगणक. त्याचे कार्य सर्वसाधारण संगणकाप्रमाणेच चालते. मात्र दिवाणखान्यात ठेवावयाचा असल्याने तो आटोपशीर आणि विशेषतः निःशब्द असावा लागतो. या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. पेटी लहान केली की आत उष्णता कोंडते. ती घालविण्यास लहान पंखा अतिशय वेगाने फिरवावा लागतो व त्याची घरघर चित्रपटातील शांत प्रसंगी नेमकी ऐकू येते. यावर कमी वीज वापरणारा प्रक्रियक बसविणे व धातूच्या कवचातूनच उष्णता बाहेर जाऊ देणे हे उपाय योजतात.

व्हिया कंपनीने २००१ मध्ये १७ सेंमी. बाजूच्या चौरस मदरबोर्डाचे मिनी-आयटीएक्स हे प्रमाण पुढे आणले. पुढील वर्षी निघालेली विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती दूरनियंत्रकाने चालविता येई. ॲपलचा मॅक मिनी (२००५) तर १६.५ सेंमी. चौरस व सु. ५ सेंमी. उंच होता.

आंतरजालावरील चित्रपट दाखविणारी स्वस्त उपकरणे आल्यावर या संगणकांची मागणी घटली. विंडोज १० (२०१५) मधून मीडिया सेंटर वगळण्यात आले. तथापि आंतरजालसेवेवरील चित्रपट हक्कांची मुदत संपताच तेथून काढला जातो. स्वतःच्या चकतीवरील प्रत मात्र पाहणाऱ्याच्याच ताब्यात राहते. म्हणून संग्राहकांनी हे संगणक सोडलेले नाहीत. त्यांच्यात कोडी ही मुक्त आज्ञावली विशेष प्रचलित असून २०१४ पूर्वी ती एक्सबीएमसी या नावाने ओळखली जाई.