कोण जिंकेल? की कोण जिंकावं?

नोव्हेंबर २०२४ आठवतोय? तुमच्याही ग्रुपवर तेव्हा हा वाद रंगला असणार. एका बाजूला ५८ वर्षांचा माइक टायसन. दुसऱ्या बाजूला २७ वर्षांचा जेक पॉल, यूट्यूबवरून थेट रिंगमध्ये उतरलेला. फाइटला अजून आठवडा बाकी, पण ग्रुपवर रात्री दीड वाजताही कुणी झोपायला तयार नाही.

‘एकच ठोसा बसू दे, पोरगं सरळ दवाखान्यात!’

‘अरे, आजोबा झालेत ते आता.’

‘वाघ म्हातारा झाला तरी वाघच असतो राव!’

मग कुणीतरी टायसनच्या सरावाचा व्हिडिओ टाकतं. काही सेकंदांचा. हात विजेसारखे चालतात, ट्रेनर मागे सरकतो. झालं! ग्रुपवर आगीच्या इमोजींचा पाऊस. वाद संपला असं सगळ्यांना वाटतं.

पण जरा थांबा. काही सेकंदांच्या व्हिडिओत काय दिसतं? हात. काय दिसत नाही? दम. चौथ्या राउंडला पाय कसे चालतात, समोरचा उलटा मारायला लागला की काय होतं, हे त्यात कुठेच नसतं. बॉक्सिंगवाले सांगतात, वय वाढलं तरी ठोशातली ताकद बराच काळ टिकते. आधी जातात ते पाय आणि डोळा-हाताचा वेग. ठोसा कितीही जबर असो, तो बसण्यासाठी आधी समोरच्यापर्यंत पोचायला तर हवं ना!

सरळ हिशोब मांडून बघा. टायसनची आधीची अधिकृत व्यावसायिक फाइट जून २००५ची, आणि ती तो हरला होता. मधल्या १९ वर्षांत काय? २०२० मध्ये रॉय जोन्स ज्युनियरशी एक प्रदर्शनी सामना. या फाइटसाठी तर राउंडही तीन मिनिटांऐवजी दोन मिनिटांचे ठेवले होते, तेही आठच. ग्लोव्हज १४ औंसांचे, म्हणजे हेवीवेटला नेहमी असतात त्यापेक्षा जाड. हे सगळं आधीच जाहीर होतं. तुम्हाला-आम्हाला माहीतही होतं. तरी आपण म्हणत होतो, ‘एकच ठोसा बास.’

का? कारण आपण अंदाज बांधतच नव्हतो. आपण इच्छा सांगत होतो. १९८६ मध्ये विशीतच हेवीवेटचा जगज्जेता झालेला तो टायसन आपल्याला परत हवा होता. आणि कॅमेऱ्यासमोर मिरवणाऱ्या पोराला कुणीतरी गप्प करावं, असंही मनापासून वाटत होतं.

‘कोण जिंकेल?’ हा एक प्रश्न. ‘कोण जिंकावं?’ हा दुसरा. कट्ट्यावरच्या वादात आपण पहिल्याचं उत्तर देतोय असं दाखवतो आणि देत असतो दुसऱ्याचं.

आता कुणीतरी म्हणेल, ‘मग अली-फोरमनचं काय?’ बरोबर आहे, तो दाखला प्रत्येक वादात येतोच. ऑक्टोबर १९७४, झाईरमधलं किन्शासा. फोरमन २५ वर्षांचा, ४० फाइट्समध्ये एकदाही न हरलेला. अली ३२चा. ज्या जो फ्रेझर आणि केन नॉर्टननं अलीला हरवलं होतं, त्या दोघांना फोरमननं दोन-दोन राउंडमध्ये संपवलं होतं. कागदावर विषयच संपला होता. पण अली दोराला टेकून मार खात राहिला, फोरमन मारून मारून दमला आणि आठव्या राउंडला अलीनं त्याला झोपवलं. ‘यानं त्याला हरवलं, त्यानं याला हरवलं’ हे गणित रिंगमध्ये चालत नाही, कारण कुणाची स्टाइल कुणाला जड जाईल, ते त्यात मोजलेलंच नसतं.

पण फरक बघा. अली ३२चा होता आणि सतत लढत होता. त्याच्या बाजूनं बोलायला इच्छेपलीकडेही काहीतरी होतं. ५८व्या वर्षी टायसनकडे काय होतं? आपल्या आठवणी.

आणि धक्का काय असतो ते टायसनइतकं कुणाला माहीत? फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला दहाव्या राउंडला पाडलं, तेव्हा डग्लसवर ४२ला १ असा भाव होता. ‘काहीही होऊ शकतं’ हे खरंच आहे. पण ते दोन्ही बाजूंनी खरं असतं, म्हणून तो मुद्दा होत नाही.

त्या फाइटचं पुढे काय झालं, ते तुम्ही पाहिलंय. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती आणि नेटफ्लिक्सवर मध्येमध्ये गोल गोल चाक फिरत होतं. सुरुवातीला टायसन पुढे आला, मग पाय जड झाले. आठ राउंडमध्ये त्याचे १८ ठोसे लागले, पॉलचे ७८. तिन्ही पंचांनी पॉलला विजयी केलं. शेवटची घंटा होण्याआधी पॉलनं त्याला वाकून नमस्कार केला. प्रेक्षकांनी मात्र हुर्यो उडवली.

नंतर टायसननं लिहिलं, की जूनमध्ये तो मरता मरता वाचला होता, अंगातलं निम्मं रक्त गेलं होतं, आठ वेळा रक्त द्यावं लागलं होतं. अल्सरच्या त्रासामुळे फाइट जुलैवरून पुढे ढकलल्याची बातमी तर आपण आधीच वाचली होती. वाचली आणि पुढे स्क्रोल केलं. आपल्या आठवणींसाठी एका आजारी माणसानं मार खावा, हे आपण हसत-खेळत मागत होतो.

म्हणून वाद घालायचा नाही का? घाला की! फाइटआधीचा आठवडा हीच तर खरी मजा. फक्त पुढच्या वेळी ग्रुपवर तावातावानं टाइप करायच्या आधी एका कागदावर दोन नावं लिहा. कोण जिंकेल आणि कोण जिंकावं. दोन्ही नावं वेगळी आली, तर तुम्ही निदान विचार तरी केलाय. एकच आलं, तर पुन्हा एकदा तपासा. खरंच तसं वाटतंय, की नुसतं हवंय?