तीन मिनिटांची टकटक

विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती मंचरला, नाहीतर नारायणगावला ‘भरायला’ टाकतो. कारागीर जळकं वायंडिंग उपसून काढतो आणि तांब्याच्या नव्या तारेचे वेढे बसवतो. वेढ्यांतून वीज गेली की चुंबक तयार होतो. हा चुंबक बदलता ठेवला की शेजारी पुन्हा वीज उठते, हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं. नैराश्यावरच्या टीएमएस या उपचाराचं यंत्र याच हिशेबाने चालतं.

इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गुंडाळलेलं कॉइल कपाळाच्या वर, डाव्या अंगाला टेकवतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ त्यातून जोरदार प्रवाह सोडतात. चुंबकीय क्षेत्र हाडाला जुमानत नाही; कवटीखालच्या पेशींत बारीकसा प्रवाह उठतो. रुग्ण खुर्चीत टक्क जागा. सुतारपक्षी चोच मारतोय अशी टकटक जाणवते, आवाजासाठी कानात बोळे. लोक याची शॉक ट्रीटमेंटशी गल्लत करतात. तिथे भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात; इथे आकडी आलीच तर तो अगदी विरळा अपघात. डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप असेल, फिट्स येत असतील, तर मात्र आधी सांगायलाच हवं.

शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी हे यंत्र 1985 मध्ये दाखवलं. 2008 मध्ये अमेरिकेने, औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी, त्याला मान्यता दिली. रामबाण नव्हे. कॅनडातल्या 414 रुग्णांच्या अभ्यासात (2018) निम्म्यांना चांगला गुण आला, पूर्ण उतार तिघा-चौघांत एकाला. पण त्याच अभ्यासात साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या सत्राइतकाच गुण तीन मिनिटांच्या सत्राने दिला.

आपल्याकडे घोडं अडतं ते दिवसांवर. आठवड्याला 5 दिवस, असे 4 ते 6 आठवडे. जुन्नरहून पुणे 90 किलोमीटर. टोमॅटोचे तोडे चालू असताना, किंवा भीमाशंकरकडच्या वाडीतून एसटी गाठून, तीन मिनिटांसाठी रोज कोण जाणार? वर ‘डोक्याच्या डॉक्टरकडे जातो’ ही गावातली कुजबुज वेगळीच.

म्हणून मला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा टीएमएसचाच एक प्रयोग जास्त कामाचा वाटतो. दिवसाला 10 मिनिटांची 10 सत्रं, मध्ये 50-50 मिनिटांची विश्रांती, आणि 5 दिवसांत उपचार पुरा. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. मुख्य चाचणीत रुग्ण जेमतेम 29, आणि जागा नेमकी हेरायला एमआरआय लागतो, म्हणजे खर्च आलाच. तरी पुण्यात पाहुण्यांकडे 5 दिवस निघतात. 6 आठवडे निघत नाहीत.