१९७३ची मैफल, आजच्या तिकिटावर

कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलमध्ये १९९३ साली ‘द म्युझिकल बॉक्स’ हा बँड सुरू झाला. त्याचे नावही उसने आहे. ‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडच्या १९७१ सालच्या एका गाण्यावरून घेतलेले. जेनेसिसचे सत्तरीच्या दशकातले कार्यक्रम जसेच्या तसे पुन्हा उभे करायचे, हा या मंडळींचा उद्योग. गाणी त्याच क्रमाने, वाद्ये शक्य तिथे त्याच काळातली. कपडे, मुखवटे, दिव्यांचे रंग, वादकांच्या बसायच्या जागा, सगळे तेच. दोन गाण्यांमधली बडबडसुद्धा तीच.

‘व्हॉइस ऑफ मुकेश’ आणि ‘व्हॉइस ऑफ किशोर’ ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचे कारण नाही, असे मला तिकीट काढेपर्यंत वाटत होते. पण आपला ऑर्केस्ट्रा तबकडीची नक्कल करतो. इथे नक्कल होते ती एका विशिष्ट दौऱ्यातल्या विशिष्ट संध्याकाळची.

त्यासाठी जेनेसिसच का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १९६७ साली चार्टरहाउस या इंग्लंडमधल्या खानदानी शाळेतल्या मुलांनी हा बँड काढला. पुढे ड्रमर फिल कॉलिन्स आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेट येऊन मिळाले, आणि १९७१ पासून पीटर गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफोर्ड, कॉलिन्स, हॅकेट ही पाच जणांची फळी पक्की झाली. त्या काळात इंग्लंडमध्ये ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले, त्याचा हा बिनीचा बँड. तीन मिनिटांच्या प्रेमगीताऐवजी अंकांत विभागलेली लांबच लांब रचना, बारा तारांची गिटार, बासरी, ऑर्गन, आणि पायाने ठेका धरू पाहणाऱ्याला चकवणारे ताल. ‘सपर्स रेडी’ हे त्यांचे गाणे तेवीस मिनिटांचे आहे. त्यातला एक भाग नऊ मात्रांत बांधलेला. मात्रा मोजायची सवय असलेल्या आपल्या कानाला नऊचे अप्रूप नसेल, पण ड्रम आणि बास नऊ धरून बसलेले असताना बँक्सचा ऑर्गन मधूनच चारच्या हिशेबाने खुशाल हिंडून येतो. तिथे मी दर वेळी समेची वाट चुकतो.

पाचांपैकी रदरफोर्ड आणि हॅकेट बऱ्याचदा बसून वाजवत. हॅकेट तर दाढी, चष्मा, काळे कपडे आणि गिटारीवर झुकलेली मान अशा थाटात, कुणी हिशेबनीस वही तपासतोय असा. बारा तारांच्या गिटारी दर गाण्याआधी सुरात लावाव्या लागत आणि तेवढा वेळ सभागृहात शांतता पसरे. ती पोकळी भरायला गायक गॅब्रिएल विचित्र, काहीशा हिंस्र गोष्टी सांगू लागला. २८ सप्टेंबर १९७२ला डब्लिनमध्ये त्याने आणखी पुढची मजल मारली. ‘द म्युझिकल बॉक्स’ गाताना तो मध्येच आत गेला आणि बायकोचा लाल झगा घालून, डोक्यावर कोल्ह्याचे मुंडके चढवून परत आला. बाकीच्या चौघांना त्याने याची कल्पनाही दिली नव्हती. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाने फोटो पहिल्या पानावर छापला आणि बँडचे मानधन दुप्पट झाले. मग वटवाघळाचे पंख आले, डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या आल्या, सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचा मुखवटा आला. वृत्तपत्रे सोंगांबद्दल लिहीत, संगीताबद्दल कमी. बाकी मंडळी यावर कुरकुरत, आणि त्यांचे चुकत होते असे म्हणवत नाही.

मॉन्ट्रिऑलच्या मंडळींचा मी पाहिलेला प्रयोग याच काळातल्या कार्यक्रमाचा होता, युरोपातल्या एका जुन्या नाट्यगृहात. प्रेक्षकांत बहुतेक साठी ओलांडलेले पुरुष. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर रांग नाही आणि पुरुषांच्या रांगेचे शेपूट पार जिन्यापर्यंत, असे दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहिले. दिवे गेले आणि मेलोट्रॉनचे ते जड, थरथरते सूर सुरू झाले. मेलोट्रॉन हे बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले अजब वाद्य. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा, त्यावर व्हायोलिनचा किंवा गायकवृंदाचा मुद्रित केलेला सूर. पट्टी दाबली की फीत सरकते, आठेक सेकंदांत संपते, बोट उचलले की मागे जाते. म्हणजे स्वर हवा तेवढा लांबवता येत नाही. वादकाने आठ सेकंदांच्या आत पुढे सरकलेच पाहिजे. ‘वॉचर ऑफ द स्काइज’ या गाण्याच्या सुरुवातीची ती भव्यता या अडचणीच्या कुशीत वाढली आहे. मागे पांढरा पडदा, जांभळट उजेड, आणि डोळ्यांभोवती चमकणारा रंग लावलेला, पंख पसरलेला गायक. त्याच्या डोक्याच्या पुढच्या भागात मधोमध भादरलेला पट्टाही गॅब्रिएलसारखाच. डेनिस गान्ये हा क्युबेकचा गायक गॅब्रिएलचे इंग्रजी उच्चार आणि अडखळणेसुद्धा इतके गिरवतो की दहाव्या मिनिटाला मी तुलना करणे सोडून दिले.

एका गोष्टीने मात्र मला पछाडले. पहिल्या गाण्यानंतर गान्येने गोष्ट सांगायला घेतली, आणि मागे गिटारवादक तारा लावू लागले. आज पायाशी ठेवलेल्या लहानशा यंत्राने गिटार काही सेकंदांत सुरात लागते. गॅब्रिएलच्या काळात जी निकड होती, ती आता संहितेचा भाग झाली आहे. त्या थांबण्यात धाकधूक उरलेली नाही. मुळात प्रेक्षकांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. आमच्या सभागृहात लाल झगा कुठल्या ओळीनंतर येणार हे सगळ्यांना पाठ होते, आणि तो आला तेव्हा लोक हसून टाळ्या वाजवत होते. डब्लिनमधल्या श्रोत्यांना, जे काय ऐकिवात आहे त्यावरून, धक्का बसला होता. तो धक्का कुणालाच पुन्हा उभा करता येणार नाही.

मग हा खटाटोप कशाला? याचे उत्तर ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’मध्ये सापडते. राएल नावाच्या न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन पोराची ही दोन तबकड्यांची गोष्ट नोव्हेंबर १९७४मध्ये बाजारात आली, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला शिकागोत दौरा सुरू झाला. अल्बम अजून धड कुणी ऐकलेला नाही, आणि बँड रोज रात्री तो अथपासून इतिपर्यंत वाजवतोय! मागे तीन पडद्यांवर हजाराहून अधिक स्लाइड्स. त्यांचा आणि संगीताचा मेळ क्वचितच नीट बसे. स्लिपरमॅन या प्राण्याच्या गाठागाठांच्या वेषात गॅब्रिएलच्या तोंडापर्यंत माइकच पोहोचत नसे. त्यात दौऱ्याच्या सुरुवातीलाच त्याने बँड सोडणार असल्याचे सोबत्यांना सांगितले होते. मे १९७५मध्ये शंभराच्या आसपास प्रयोग करून सगळे थांबले. आणि या अवाढव्य खेळाचे अथपासून इतिपर्यंत चित्रीकरण झालेच नाही. ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ या अल्बमच्या काळातले कार्यक्रम निदान १९७३च्या शेपर्टन स्टुडिओतल्या फिल्ममुळे डोळ्यांनी पाहता येतात. ‘लँब’चे फोटो आहेत, श्रोत्यांनी चोरून केलेली ध्वनिमुद्रणे आहेत, आठवणी आहेत.

मॉन्ट्रिऑलच्या मंडळींनी हे सगळे गोळा केले. जेनेसिसने आणि गॅब्रिएलने रीतसर परवानगी दिली, मूळ स्लाइड्स वापरायला दिल्या. आता गंमत पाहा: मूळ दौऱ्यात बिघडणारे प्रोजेक्टर इथे बिघडत नाहीत. म्हणजे ही नक्कल १९७५च्या प्रयोगापेक्षा जास्त बिनचूक आहे. गॅब्रिएलच्या मनात जे होते ते दिसते. त्या रात्री जे घडले ते नाही. इतिहास म्हणून ही लबाडी आहे, नाट्यप्रयोग म्हणून हा न्याय आहे. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. ज्या कलाकृतीचा खेळ तिच्या कर्त्यांनाही धड पाहायला मिळाला नव्हता, ती पाहायला मिळत असेल तर थोडी लबाडी चालेल.

खुद्द कर्त्यांचेही तसेच मत दिसते. गॅब्रिएल आपल्या मुलांना घेऊन ब्रिस्टलमध्ये यांचा प्रयोग पाहायला गेला होता, आपला बाप तेव्हा काय करत होता ते मुलांना दिसावे म्हणून. कॉलिन्स २००५ साली जिनिव्हात थेट त्यांच्या ड्रमवर जाऊन बसला. उरलेल्या जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम लंडनमध्ये २६ मार्च २०२२ला झाला. तेव्हा प्रकृतीमुळे कॉलिन्सला खुर्चीत बसून गावे लागले आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. हॅकेट मात्र ही जुनी गाणी घेऊन स्वतःच्या बँडसह दौरे करतो, आणि तो ती आपल्या मर्जीने वाजवतो, कोल्ह्याच्या मुंडक्याविना.

दोन्हींत निवड करायची वेळ आली तर आधी हॅकेट ऐका, मग मॉन्ट्रिऑलवाल्यांकडे जा. त्याआधी घरी १९७३चा ‘जेनेसिस लाइव्ह’ हा अल्बम ऐकून ठेवा. त्याच्या मुखपृष्ठावर ‘सपर्स रेडी’तले सोंग आहे आणि आत ते गाणेच नाही. आणि तिकीट काढताना पहिल्या रांगांचा मोह टाळा. मागचा पडदा मधल्या रांगांतून नीट दिसतो.