तिकीट बदलाचा दंड आणि मैलांची बचत

विमानाचा विषय आपल्या कार्यक्रमात कशाला, असं काहीजणी म्हणतील. पण कुणाची लेक बाळंतपणासाठी बंगळुरूला असते, कुणाचा मुलगा दुबईत कामाला असतो, एखादा गट माल घेऊन दिल्लीच्या सरस मेळ्याला निघतो. तिकीट मुलं फोनवर काढून देतात. मग घरात कुणी आजारी पडतं, तारीख बदलावी लागते, आणि कळतं की बदलाचा दंड जवळजवळ तिकिटाएवढाच आहे!

दंड आपल्याला नवा नाही. गटात हप्ता चुकला की आपणही दंड घेतो. पण तो सभेत सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो, ठराव वहीत असतो. विमान कंपनीचा दंडही मुळातच गैर आहे असं मी म्हणणार नाही. बाजार उठल्यावर मेथीच्या जुडीला कुणी विचारत नाही, तसं विमान उडालं की रिकाम्या खुर्चीचं काही येत नाही. आदल्या दिवशी तिकीट रद्द केलं, तर कंपनीचं नुकसान होऊ शकतं. महिनाभर आधी रद्द केलं तर? तीच खुर्ची पुन्हा विकली जाते, कधी जास्त दरानेही. तिथे दंड म्हणजे नुकसानभरपाई राहत नाही, ती कमाई होते.

अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथे देशातल्या देशात तारीख बदलायला मोठ्या कंपन्या साधारण २०० डॉलर घेत. २०१९ या एका वर्षात तिथल्या कंपन्यांनी बदल आणि रद्द करण्याच्या शुल्कातून सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. पुढच्या वर्षी कोरोना आला, प्रवासी मिळेनात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस युनायटेड कंपनीने देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरचा हा दंड काढून टाकला. लगोलग डेल्टा आणि अमेरिकन एअरलाइन्सनेही तेच केलं. खर्च भागवण्यासाठी दंड लागतोच, तर तो असा झटक्यात कसा गेला? दरातला फरक मात्र भरावा लागतोच, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटांना ही सवलत त्यांनी दिली नाही. मला खटकतं ते इथे. ज्यांचे बेत अचानक मोडतात, ज्यांना कामावरून रजा मिळेल की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही, तेच स्वस्त तिकीट घेतात.

आता मैलांची गोष्ट. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना काढली. जेवढा प्रवास, तेवढे मैल खात्यावर जमा. ठरावीक मैल साठले की फुकट तिकीट. म्हणजे एक प्रकारची बचतच की! कुठल्या गावाला किती मैल लागतील याचा तक्ता असे. डेल्टाने २०१५ मध्ये आपला तक्ता काढून घेतला, युनायटेडने २०१९ मध्ये तसं जाहीर केलं. आता त्यांच्याकडे मैलांचा दरही मागणीप्रमाणे वरखाली होतो. तुमची पाच वर्षांची बचत जमा आहे आणि अध्यक्ष म्हणतात, "पैसे काढायला याल त्या दिवशी सांगू, किती मिळतील ते." चालेल आपल्या गटात?

तिथल्या प्रवाशांनाही चाललं नाही. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आधी साठलेल्या मैलांवरही नव्या अटी लावल्या. प्रवासी कोर्टात गेले. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याचा ग्राहक कायदा इथे लागू होत नाही, पण कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला असेल तर दावा लावता येईल. म्हणून अशा योजनांच्या छापील अटींत "नियम कधीही बदलू" असं वाक्य आढळतं. तुमच्या कार्डावरच्या पॉइंटांनाही असंच काही लिहिलेलं आहे का, ते बघा. पॉइंट साठवत बसू नका, लागतील तसे वापरा.

आपल्याकडे काय? २०१९ साली केंद्र सरकारने विमान प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे पैसे परत न मिळणारं तिकीट असलं, तरी त्यातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायला हवं. हे पुष्कळजणी मागतच नाहीत. प्रवास सात दिवस किंवा त्याहून लांब असेल, तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते दंडाशिवाय रद्द करण्याची सोयही सनदेत दिली. एजंटाकडून तिकीट काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी कंपनीवरच येते. "एजंटाला विचारा" म्हणून तुम्हाला परत पाठवता येणार नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि तिकीट हाती आलं की लगेच नाव आधार कार्डाशी ताडून बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं की नवऱ्याचं, यात आपल्या बायकांची फार गल्लत होते. तीन अक्षरांपर्यंतची चूक २४ तासांच्या आत कळवली, तर ती फुकट दुरुस्त करून द्यावी असं त्याच सनदेत आहे.