एसटीचा वाढदिवस आणि माझं मढचं दुकान



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. उद्या सकाळी तुमच्या दुकानाचं शटर उघडलंच नाही, तर कोण हळहळेल? घरचे सोडून बोला.

बीबीएच्या तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो पडला एसटी स्टँडवर.

आमचं मढ म्हणजे कल्याण-नगर रस्त्यावरचं गाव. पुढे माळशेज घाट, बाजूला पिंपळगाव जोग्याचं धरण. माझं किराणा-जनरलचं दुकान, आणि गिऱ्हाईक म्हणजे गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या बायका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना त्याच्या आदल्या ऑगस्टपासूनच प्रवास फुकट होता. झालं! माझ्या बायका ओतूर, आळेफाटा, नारायणगाव गाठायला लागल्या. साबण-तेलापासून पोरांच्या कपड्यांपर्यंत सगळं तिकडून. दोन महिन्यांत माझा गल्ला चांगलाच उतरला. वहीतला आकडा बघून रात्री झोप लागायची नाही.

मी रोज चिडचिड करायचे. गंमत बघा, मालाच्या खरेदीला मी स्वतः हाफ तिकिटावर जायचे आणि सीटवर बसून त्याच हाफ तिकिटाला नावं ठेवायचे.

१ जूनला काय पाहिलं

शाळा उघडायच्या आधी वह्या-छत्र्यांचा माल भरायला मी नारायणगावला गेले. उतरले तर स्टँडवर रांगोळी, आंब्याच्या पानांचं तोरण, गाडीला झेंडूचा हार. म्हटलं, कुणी मंत्री येतोय की काय? तर एसटीचा वाढदिवस! १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) सुटली. त्या दिवशी ७५ वर्षं पूर्ण होत होती. आदल्याच वर्षी, २०२२ च्या १ जूनला, 'शिवाई' ही विजेवरची बससुद्धा मुद्दाम त्याच मार्गावर सोडली होती. आपली पहिली वाट विसरायची नाही, हे मला आवडलं.

प्रवाशांना गुलाबाचं फूल आणि पेढा देत होते. एक रिटायर झालेले कंडक्टर आपला जुना पंच आणि तिकिटांची पेटी घेऊन आले होते. पोरांच्या हातात पंच देऊन ते टिकटिक वाजवून दाखवत होते. मशीनमधून निघणारी चिठ्ठीच फक्त पाहिलेली पोरं हरखून गेली होती.

माझ्या शेजारी एक आज्जी उभ्या होत्या. पेढा हातात घेऊन त्या म्हाताऱ्या मास्तरांना म्हणाल्या, "तुमची गाडी होती म्हणून माझी लेक जुन्नरला शिकली हो." मास्तरांनी नुसते हात जोडले.

मी गप्प झाले. एसटी उशिरा येते, खडखडते, पावसात गळते, हे आपण सगळेच बोलतो. तरीही तिच्यासाठी असं बोलणारं माणूस आहे. माझ्या दुकानासाठी असं कोण बोलेल? मी तर सकाळी नऊ-साडेनऊला, कामं उरकतील तसं शटर उघडत होते. पहिल्या गाडीला निघालेल्या बाईला माझ्याकडे काही घ्यायचं असलं, तरी ती घेणार कशी?

जपानची एक छोटी रेल्वे

जपानमध्ये २० सप्टेंबर हा बसचा दिवस असतो, कारण १९०३ साली त्या तारखेला क्योतोमध्ये त्यांची पहिली बस धावली. १४ ऑक्टोबर हा रेल्वेचा दिवस. त्या सुमारास जत्रा भरतात, जुन्या गाड्या मांडतात, पोरांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात.

पण धंद्याचा खरा धडा चोशी नावाच्या गावात आहे. तिथल्या खासगी रेल्वेची लाईन फक्त ६.४ किलोमीटरची. तिकिटांवर भागेना, म्हणून कंपनीने १९९५ पासून सोया सॉसमध्ये भिजवलेल्या तांदळाच्या मऊ चकत्या विकायला सुरुवात केली. २००६ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीलाही पैसे उरले नाहीत. तेव्हा त्यांनी लोकांना सरळ सांगितलं, "आमच्या चकत्या घ्या, आम्हाला गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कमवायचेत." देशभरातून ऑर्डरी आल्या आणि रेल्वे वाचली.

लक्षात घ्या, त्यांनी दान मागितलं नाही, माल विकला. आणि अडचण लपवली नाही.

मी काय बदललं

१. वेळ. पहिली गाडी यायच्या अर्धा तास आधी शटर उघडायचं. दारावर पाटी लावली, उघडायची आणि बंद करायची वेळ लिहून. पाटी लावली की ती पाळावी लागते, हा तिचा खरा फायदा.

२. माल. जे नारायणगावला स्वस्त मिळतं, त्यात मी भांडत बसत नाही. गाडीला निघताना लागतं ते पुढे मांडलं: बिस्किटं, पाण्याची बाटली, रुमाल, प्लॅस्टिकचा कागद. परतताना जे राहून जातं तेही: काडेपेटी, मीठ, पेन, मोबाईलचा रिचार्ज. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, म्हणून दारात एक बाकडं आणि वर पत्रा टाकला. गाडीची वाट बघायला लोक तिथे बसतात.

३. सवलत. एसटी निम्म्या तिकिटात नेते, पण उरलेली निम्मी रक्कम सरकार महामंडळाला देतं. तुमची सवलत तुमच्याच खिशातून जाते. म्हणून दुसऱ्याचं बघून डिस्काउंटची पाटी लावू नका, आधी वहीत हिशोब मांडा.

४. वाढदिवस. दुकानाच्या वर्धापनदिनी सेल नाही लावला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना चहा-पेढा दिला, आमच्या सासूबाईंचा जुना तराजू मांडला, आणि सरळ सांगितलं, "गल्ला कमी झालाय. काय ठेवलं तर माझ्याकडून घ्याल?" सांगताना घसा कोरडा पडला होता. पण अर्ध्या तासात चौदा वस्तूंची यादी झाली. त्यातल्या नऊ आज माझ्या फळीवर आहेत.

सगळी गिऱ्हाइकं परत आली का? नाही. कपडे ती बाहेरूनच घेतात, आणि ते बरोबरही आहे. पण रोजचा किराणा पुन्हा रुळावर आला. परवा तापामुळे दोन दिवस दुकान बंद होतं, तर वस्तीवरची एक मावशी घरी येऊन विचारून गेली, "ताई, बरं हाय ना? शटर दिसलं नाय."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आता तुमची पाळी. तुमच्या दुकानाची पहिली विक्री कोणत्या तारखेला झाली, ते वहीत शोधा आणि या वर्षी त्या दिवशी काय करणार ते कमेंटमध्ये लिहा. तारीख सापडली नाही, तर आजची लिहा आणि उद्या शटर वेळेवर उघडा.