जुनापाणीची शिळावर्तुळे कशी वाचावीत?

नागपूरजवळ जुनापाणी येथे माळरानावर काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे विखुरलेली असून, काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने ही वर्तुळे उकरली, तेव्हा त्याला हे खळगे ब्रिटनमधील प्राचीन शिळांवरील खळग्यांचे भाऊबंद वाटले. आकार सारखा म्हणजे कर्तेही एकाच कुळातले, हा त्या काळच्या अभ्यासकांचा आवडता तर्क होता. तो मोहक असला तरी टिकणारा नव्हता.

वरचा आकार फसवू शकतो, हे इंग्लंडमधील एव्हबरी येथे दिसते. तेथे मातीच्या उंच बांधाने साधारण ४२० मीटर व्यासाचे वर्तुळ आखले असून प्रथमदर्शनी तो तट वाटतो. परंतु त्याचा खंदक बांधाच्या आतल्या बाजूस आहे, आणि भुईकोट पाहिलेल्या मराठी वाचकाला शत्रूला अडवणारा खंदक तटाबाहेर असतो हे सांगावयास नको. ‘हेंज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा वास्तूंना गढी न मानता विधींची व मेळाव्यांची जागा मानण्यामागे हे निरीक्षण महत्त्वाचे आहे.

एकाच कुळाचा तर्क काळाच्या कसोटीवरही टिकत नाही: हेंजचा काळ साधारणतः इ. स. पू. ३००० ते २००० असून तेथे लोखंड नाही; विदर्भातील वर्तुळे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील असून त्यांत लोखंडच लोखंड आहे. वर्तुळातील माती-मुरुमाच्या भरावाखाली मानवी हाडे, काळी-तांबडी मडकी, कुऱ्हाडी आणि घोड्याच्या तोंडात बसणारी कडियाळी सापडतात, म्हणजे ही मृतांची स्मारके आहेत. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९७० नंतर माहुरझरी येथे केलेल्या उत्खननात घोड्याच्या मस्तकावर बसवण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. असा अलंकार जनावरासाठी घडवून तो दफनात ठेवणाऱ्या समाजात घोडेस्वाराचा मान मोठा असला पाहिजे. म्हणजे अर्थ वरच्या आकारातून नव्हे, तर खाली पुरलेल्या वस्तूंतून उलगडतो. कोल्हापुरातही ब्रह्मपुरीच्या टेकाडाने आपला इतिहास वरून सांगितला नाही. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी थर उलगडले, तेव्हाच तेथील सातवाहनकालीन वस्ती नीट समजली.

खळग्यांचा उलगडा मात्र अजून बाकी आहे. काही खगोलशास्त्रज्ञांनी त्यांच्या दिशा मोजून आकाशातील घटनांशी संबंध सुचवला असून, तो विचार गांभीर्याने तपासण्याजोगा आहे. पण त्यासाठी धोंडे मूळ जागीच असावे लागतात, कारण रस्त्यासाठी वा शेतीसाठी एक धोंडा सरकवला की त्याची दिशा कायमची हरवते.