निळा पडदा आणि ४८ आकडे

१९ जुलै २०२४. मुंबई-पुण्यासह देशभरातल्या विमानतळांवर चेक-इन कोलमडलं; काही ठिकाणी बोर्डिंग पास चक्क हाताने लिहिले गेले. व्हायरस नव्हता, हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल सदोष होती.

क्राउडस्ट्राइकचा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. त्याला २० माहितीखाने मिळत होते. नव्या फाइलमुळे तो एकविसावा वाचायला गेला आणि नको त्या मेमरीत शिरला. साधं ॲप असं चुकलं तर तेवढंच बंद पडतं. कर्नलमधली चूक मात्र सगळी यंत्रणा थांबवते आणि निळा पडदा दिसतो. शिवाय हा प्रोग्राम ड्रायव्हर म्हणून संगणक सुरू होतानाच लोड होतो, म्हणून रीस्टार्ट केलं की पुन्हा निळा पडदा! सुमारे ८५ लाख संगणक अडकले. कंपनीने सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून सेफ मोडमध्ये ती फाइल पुसली. सेफ मोडमध्ये फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर लोड होतात, म्हणून तिथे शिरकाव मिळतो.

विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कुलूपबंद केलेल्या डिस्कला मात्र ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागली. कारखाना असो वा पेढी, ती की आजच कागदावर लिहून ठेवा.